लाल बोर्डावरचं नाव

आधी आबांचा उल्लेख करते, मग बाकीचं. आबा म्हणजे आमचे रत्नागिरीचे घरमालक. नात्यागोत्याचे काही नाहीत. त्यांचं खरं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, आणि गल्लीत तसंही ते कुणी वापरत नव्हतं. सगळे त्यांना ‘पावरहाऊस’ म्हणायचे. उभी नोकरी त्यांनी पोफळीच्या पावरहाऊसच्या कंट्रोल रूममध्ये केली, निवृत्तीनंतर रत्नागिरीत जांभ्या चिऱ्याचं घर बांधलं आणि मग त्या घराचंच पावरहाऊस करून टाकलं. आज मी घरात बसून, कानाला हेडफोन लावून, स्वतःच्या कामाचं जेवते ते या माणसामुळे. आणि या माणसाचं सगळं आयुष्यभर ऐकून घेतलेल्या त्यांच्या बायकोमुळे, काकींमुळे.

मी मूळची परभणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. गावात पुढचा वर्ग नव्हता आणि घरात माझ्यामागे लहान भावंडं होती. लग्नानंतर नवऱ्याला मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मशीनवर काम मिळालं, म्हणून रत्नागिरीला आले. मला सगळ्याचीच भीती वाटायची. डोंगराच्या उताराची, समुद्राच्या आवाजाची, बाजारात मासळीवरून भांडणाऱ्या बायकांची. त्या बोलता बोलता ‘काय गो’ म्हणायच्या आणि मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

खोली बघायला गेलो तेव्हा आबा शिडीवर होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. घराच्या छपराखालची वायर बघत होते. आम्हाला पाहून खाली उतरले, पण हेल्मेट काढलं नाही.

“पाण्याची मोटर सकाळी मी लावतो. तुम्ही लावायची नाही. परत म्हणा.”

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मला शाळेतल्यासारखं धडधडलं. पण म्हटलं, “पाण्याची मोटर सकाळी तुम्ही लावता. आम्ही लावायची नाही.”

“बरोबर. कचऱ्याची गाडी आली की खालून हाक मारीन. ओ द्यायची. परत म्हणा.”

“कचऱ्याची गाडी आली की तुम्ही हाक माराल. ओ द्यायची.”

आबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, “खोली दिली!” आतून काकींचा आवाज आला, “ऐकलं!” मग त्यांनी हेल्मेट काढून खुंटीला लावलं आणि एकदम दुसराच माणूस झाले. “बस गो. लांबून आलंस. चहा घेतंस ना?”

आबांचं गणित साधं होतं. हेल्मेट डोक्यावर असलं की ड्युटी, आणि ड्युटीवर समोरचा कुणीही असो, ‘अहो’. हेल्मेट खुंटीवर गेलं की ‘गो’ आणि ‘रे’. स्वतःच्या बायकोलाही ते ड्युटीवर ‘तुम्ही’ म्हणायचे. “गॅसच्या शेगडीजवळ तुम्ही आहात का?” असं पडवीतून ओरडायचे. काकी म्हणायच्या, “नाय, माझं भूत हाय. डाळ करपवतंय.”

सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं, हा त्यांच्या घरातला पहिला नियम. गल्लीतली पोरं त्यावरून त्यांची नक्कल करायची. मला मात्र हा नियम फार आवडला, आणि का ते मला बऱ्याच उशिरा कळलं. शाळेत मला उभं करून विचारायचे तेव्हा उत्तर माझं मला शोधावं लागायचं, आणि ते चुकायचं. इथं उत्तर आधीच हातात दिलेलं असायचं. फक्त नीट ऐकायचं. नीट ऐकणं मला येत होतं.

दुसरा नियम ‘सर्व ठीक’चा. पावरहाऊसमध्ये जशा पाळ्या बदलतात तशा आबा घरातही बदलायचे. सकाळी बुद्धवंदना झाली की आणि दुपारी चहाच्या आधी अंगणात उभं राहायचं, मीटर बघायचं, टाकीकडे बघायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं, “सर्व ठीक!” काकींनी आतून “ऐकलं!” म्हणायचं. काकी शेजारी गेल्या असल्या तर आबा तिथंच उभे. एकदा त्या बचत गटाच्या मीटिंगला जाऊन आल्या तर हे अंगणात ताटकळलेले. “अहो, बसायचं तरी!” काकी म्हणाल्या. “पाळी सुटलीच नाही तर बसणार कसा?”

पण त्यांचं खरं वेड म्हणजे लाल बोर्ड.

पाटीएवढा लाकडी बोर्ड, लाल रंगवलेला. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘माणूस कामावर आहे. चालू करू नये.’ खाली एक काळी पट्टी, खडूनं नाव लिहायला. घरातलं विजेचं काहीही काम काढलं, अगदी पंख्याचं पातं पुसायचं असलं, तरी आधी मेन स्विच खाली, त्यावर हा बोर्ड, आणि पट्टीवर काम करणाऱ्याचं नाव. ज्यानं बोर्ड लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कुणीही नाही. कारण काम कुठं अर्धं राहिलंय, कुठली वायर उघडी आहे, हे फक्त त्यालाच माहीत असतं. अगदीच गरज पडली तर बोर्ड दुसऱ्याच्या स्वाधीन करता येतो, पण समोरासमोर, सगळं सांगून, आणि सगळं परत म्हणून घेऊन.

मी एकदा विचारलं, “आबा, तिकडं काही झालं होतं का? कुणाला शॉक बिक?”

“काही नाही झालं.”

“मग एवढं का?”

“एवढं केलं म्हणूनच काही नाही झालं.”

त्यांचा मुलगा डोंबिवलीला असतो. मे महिन्यात आंबे खायला आला असताना त्याला लॅपटॉप लावून ऑफिसच्या कॉलवर बसायचं होतं, आणि आबांनी नेमका पडवीचा मेन खाली करून बोर्ड लावलेला. त्यानं बोर्ड उचलून बाजूला ठेवला आणि मेन वर केला. काही झालं नाही. आबा तेव्हा बागेत कलमाला पाणी घालत होते. ते आले, बोर्ड जमिनीवर पाहिला, एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर घरात वायरचं इंटरनेट घातलं तेव्हा मुलाच्या खोलीत वायर नेली नाही. “त्याला हवेतलं पुरे,” म्हणाले. आजही तो आला की फोन घेऊन खिडकीत उभा राहतो.

तर ते इंटरनेट. फायबरवाला माणूस आला, पांढरा डबा मागच्या पडवीत भिंतीला लावून गेला. म्हणाला, वायफाय सगळ्या घरात येईल. चिऱ्याचं घर त्यानं बांधलेलं नव्हतं. हातभर जाडीच्या भिंती. पडवीत पूर्ण रेघा, ओटीवर येईपर्यंत एक रेघ, वर माझ्या खोलीत काहीच नाही, आणि स्वयंपाकघरात तर काकींचा फोन नुसता गरगर फिरत बसायचा. भाकरी थापताना गाणी लावायची त्यांची हौस तिथंच राहिली.

आबांना आनंदच झाला. मुलानं त्यांना दोन जुने कॉम्प्युटर पाठवले होते. एक त्यांनी ओटीवर मांडला आणि दुसरा माझ्या खोलीत आणून ठेवला. “इथं पडून राहण्यापेक्षा वर बसू दे. वायर नेऊ तिथपर्यंत. वायर म्हणजे घरची माणसं. कुठं आहेत ते माहीत असतं, भांडता येतं. वायफाय म्हणजे पाहुणे. आले तर आले.”

मदतनीस म्हणून त्यांनी मला धरलं. मी म्हटलं, “आबा, मी आठवी. मला नाही जमायचं.”

“मी विचारलं काय गो, कितवी? ऐकता येतं ना?”

वायर म्हणजे आत आठ बारीक तारा, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ सोडायचा, सरळ करायच्या, ठरलेल्या रंगानं ओळीत लावायच्या आणि बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या टोकात घालून पक्कडीनं दाबायच्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आबा म्हणायचे, मी परत म्हणायची. काकी शेजारी अबोलीची वेणी करत बसायच्या. एकदा बघून म्हणाल्या, “ही तर पोरींची वेणी सोडून परत घालायची. ह्यात काय ते पावरहाऊस?” आणि खरंच त्या दिवसापासून माझ्या बोटांना ते जमायला लागलं.

चिऱ्याला भोक पाडायचं तेव्हा ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. वायर आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. लाल भुगा केसांत, पापण्यांवर बसायचा. हे सगळं मी एवढ्या प्रेमानं सांगते कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवत होतं, आणि मध्ये उठून जात नव्हतं.

मग नंबर. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कमध्ये एक नंबर लागतो, हे आबांनी मला असं समजावलं की मी कधी विसरले नाही. “तो पांढरा डबा म्हणजे टाइमकीपर. फोन हे रोजंदारीवाले. गेटवर आले की त्यांना टाइमकीपर हाताला येईल तो बिल्ला देतो. आपले दोन कॉम्प्युटर मात्र कायम नोकरीवाले. त्यांचे बिल्ले मी स्वतः ठरवून दिलेत. ते बदलणार नाहीत.” आणि माझ्या कॉम्प्युटरला त्यांनी रंगीत कागदाची चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर त्याचा कायमचा नंबर. मला वाटलं, मलाच कायम केलंय.

त्या कॉम्प्युटरमुळे मला कामाची खबर लागली. एका कंपनीला घरी बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारी माणसं हवी होती. शिक्षणाची अट नव्हती. मराठी नीट बोलता यावं, समोरच्याचं ऐकून ते लिहून घेता यावं, आणि घरात वायरचं इंटरनेट असावं. आधी चाचणी. समोर कॅमेऱ्यात बाई, ती रागावलेल्या गिऱ्हाइकासारखी बोलणार, आपण ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. लाइन मध्येच तुटली तर चाचणी रद्द. दुसरी संधी नाही. असं काम मला पुन्हा कोण देणार होतं? घरात बाळ येणार होतं. बंदरावर कोळंबी सोलायला बसायचं किंवा हे, एवढेच दोन रस्ते मला दिसत होते.

आणि नेमकी तेव्हाच माझी लाइन तुटायला लागली.

दिवसभर छान चालायची आणि अचानक जायची. आबांनी वायर तपासली, टोकं नव्यानं दाबली, शिडी लावून छपराखालून सगळी हाताळून पाहिली. वायर शहाणी होती. मग मला एक विचित्र गोष्ट दिसली. मी ती सांगायला धजत नव्हते, पण शेवटी सांगितली.

“आबा, काकी बाहेरून घरात आल्या की जातं.”

काकी पिशवी खाली ठेवत होत्या. “काय म्हणालंस गो? माझ्या पायगुणानं?”

“तसं नाही काकी—”

“नाय नाय, सांग. लग्न करून आले तेव्हा सासूनं नाय म्हटलं ते तू म्हण.”

पण खरंच तसं व्हायचं. काकी बाजारात गेल्या की माझं नेट सुरळीत. काकींची चप्पल दारात वाजली की थोड्या वेळानं बंद. आबा त्यांना मुद्दाम आत-बाहेर करायला लावायचे. “तुम्ही आता फाटकापर्यंत जा. आता या.” गल्ली कंपाउंडवरून बघत होती. काकी फाटकात उभ्या राहून शेजारणीला म्हणाल्या, “आमच्याकडं आता माझ्यावर करंट चालतो.”

चाचणीच्या दिवशी सकाळी आबांना संशय आला तो पडवीतल्या प्लगचा. सैल झाला असेल, काकी दार आपटतात, हादरा बसत असेल. त्यांनी हेल्मेट घातलं, पडवीचा मेन खाली केला, बोर्ड लावला, खडूनं नाव लिहिलं आणि स्टुलावर चढून प्लगची प्लेट उघडली. मी वरच्या खोलीत साडीला इस्त्री करत होते. खालून स्टूल पडल्याचा आवाज आला.

मी धावत गेले तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते, चेहरा पांढरा, कपाळावर घाम. चक्कर आली होती. काकींनी रिक्षा बोलावली. मी बरोबर निघाले तर काकी म्हणाल्या, “तू थांब. तुझी परीक्षा हाय. मी बघते ह्यांना.” रिक्षात बसवताना आबांचं हेल्मेट माझ्या हातात राहिलं.

घर एकदम गप्प झालं. मी पडवीत जाऊन उभी राहिले. मेन खाली. त्यावर लाल बोर्ड. त्यावर आबांचं नाव. पांढऱ्या डब्यातला एकही दिवा लागलेला नाही.

चाचणी दुपारी होती. बोर्ड उचलायला एक बोट पुरलं असतं. पण मला एवढं कळत होतं की हा नुसता मान ठेवायचा प्रश्न नाही. आबांनी आत काय सोडलंय, काय जोडलंय, मला माहीत नव्हतं. प्लेट लोंबकळत होती, तिच्यामागे अंधार. मी काकींना फोन लावला. त्या म्हणाल्या, “डॉक्टर तपासतायत. शुद्धीवर हायत. काढ गो तो बोर्ड, मी सांगतंय ना!”

“काकी, तुम्ही नाही ना लावलेला.”

काकी मग म्हणाल्या, “तू पण तसलीच झालंस.”

मी ओटीवर येऊन बसले. आधी आबांची काळजी होती, मग चाचणीची, मग चाचणीची काळजी करते याची लाज. तेवढ्यात काकींच्या नंबरवरून फोन वाजला. आवाज आबांचा, बारीक, पण ड्युटीचा.

“कोण बोलतंय?”

“मी, आबा. कसं वाटतंय तुम्हाला?”

“ते नंतर. हेल्मेट कुठं आहे?”

“माझ्याकडं.”

“डोक्यावर घाला.” मी घातलं. ते मला पार भुवयांपर्यंत आलं. “घातलं?”

“घातलं.”

“ऐका. पडवीचा मेन खाली आहे. बोर्ड माझा आहे. परत म्हणा.”

“पडवीचा मेन खाली आहे. बोर्ड तुमचा आहे.”

“प्लेटच्या मागं लाल वायर सुटी आहे. बाकी काही सोडलेलं नाही. टेस्टर स्टुलाखाली आहे. आधी टेस्टर लावायचा. दिवा लागला नाही तरच हात घालायचा. लाल वायर वरच्या स्क्रूत. स्क्रू आवळायचा. ओढून बघायची. प्लेट बंद. परत म्हणा.”

मी म्हटलं. एकही शब्द सोडला नाही.

“बरोबर. बोर्ड आता तुमच्या ताब्यात. घेतला म्हणा.”

 मुलाला त्यांनी वायरसुद्धा दिली नव्हती.

“मॅडम, घेतला म्हणा.”

“घेतला.”

“आणखी एक.” आता आवाजात थोडा आबा आला. “इथं पडल्या पडल्या हिच्या हातात फोन बघितला नि डोक्यात उजेड पडला. तुमच्या कॉम्प्युटरला मी जो कायमचा बिल्ला दिला, तोच टाइमकीपर हिच्या फोनला देतोय. त्याला मी सांगायलाच विसरलो की हा बिल्ला राखून ठेव. ही घरात आली की एका नंबरचे दोघं. म्हणून तुमची लाइन जाते. ही आता माझे कपडे न्यायला घरी येतेय. हिचा फोन मी इथं ठेवून घेतो. नंबर नंतर बदलू. चूक माझी. परत म्हणा.”

“आबा—”

“परत म्हणा!”

“चूक तुमची.”

“बरोबर,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी सगळं त्यांनी सांगितलं तसंच केलं. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. लाल वायर वरच्या स्क्रूत, आवळली, ओढून बघितली. प्लेट बंद केली. कुठंही अडले नाही. याचं मला तेव्हाही नवल वाटलं आणि आत्ता लिहितानाही वाटतं. मग बोर्डाकडे वळले. नियमाप्रमाणे आधीचं नाव पुसायचं आणि आपलं लिहायचं. माणूस तिकडं दवाखान्याच्या खाटेवर, आणि मी इकडं त्याचं नाव पुसायचं? हात पुढं जाईना. मी त्यांचं नाव तसंच ठेवलं आणि खाली माझं लिहिलं. मग बोर्ड उतरवला. मेन वर केला. पांढऱ्या डब्यात एकेक हिरवा दिवा लागला.

काकी आल्या तेव्हा मी कॅमेऱ्यासमोर बसलेच होते. त्या जिना चढून आल्या, मला दोन्ही रिकामे हात दाखवले आणि दारात पाट टाकून बसल्या. समोरची बाई रागावल्यासारखं बोलत होती. मी ऐकून घेतलं, आणि उत्तर देण्याआधी तिची तक्रार तिलाच नीट परत म्हणून दाखवली. ती थांबली. म्हणाली, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आमच्या घरमालकांनी.”

“बरं. आणि तुम्ही एखाद्या बांधकामावर आहात का?”

मला काही कळेना. दारातून काकी आपल्या डोक्यावर हात मारून खुणा करायला लागल्या. तेव्हा लक्षात आलं. इस्त्रीची साडी, कानाला हेडफोन आणि त्यावर पिवळं हेल्मेट.

“नाही मॅडम,” मी म्हटलं. “घरीच आहे. ड्युटीवर आहे.”

ती हसली. लाइन तुटली नाही. काम मला मिळालं.

आबा दुसऱ्या दिवशी घरी आले ते रिक्षातून उतरून आधी पडवीत गेले. खुंटीवरचा बोर्ड बघितला. “दोन नावं?” ते म्हणाले. “एका बोर्डावर दोन नावं चालत नाहीत. मग जबाबदारी कुणाची?”

“दोघांची.”

“दोघांची म्हणजे कुणाचीच नाही.”

“आबा, तुम्ही दवाखान्यात होता. मला पुसवलं नाही.”

 मग स्वतःच्या अंगठ्यानं त्यांनी स्वतःचं नाव पुसलं. सावकाश, कोपऱ्यापर्यंत. माझं ठेवलं. “आता नीट झालं,” म्हणाले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तरी मला ‘गो’ म्हणाले नाहीत. “तुमचं काम आहे, तुम्ही बघितलंत.”

आणि काकी शेगडीपाशी गेल्या गेल्या ओरडल्या, “अहो, सर्व ठीक म्हणा एकदा! कालपासून वाट बघतंय!”

त्यानंतर घरातली वायरची कामं माझ्याकडे आली. काकींना स्वयंपाकघरात गाणी हवी होती. दोन चिऱ्याच्या भिंती पार करून वायर न्यायची आणि तिथं वायफायचा एक छोटा डबा लावायचा, असं मी ठरवलं. मेन खाली केला, बोर्ड लावला, माझं नाव लिहिलं, पहिल्या भिंतीला भोक पाडायला घेतलं. भिंत निम्मी कोरून झाली आणि नवऱ्याचा फोन आला. तिकडं कानडी मुलखात, मालप्याच्या बंदरावर नवीन बर्फाचा कारखाना, पगार बरा, राहायला जागा, पण लगेच निघायचं. मी तशीच भुग्यानं माखलेली खाली बसले.

निघताना मी म्हटलं, “आबा, बोर्ड तुम्ही घ्या. मी सगळं सांगते, तुम्ही परत म्हणा.”

आबांनी हेल्मेट घातलं. मला वाटलं, ताबा घेणार. त्यांनी मेन माझ्याकडून वर करून घेतला, बोर्डही माझ्याच हातानं खुंटीला लावून घेतला, आणि माझं नाव तसंच ठेवायला सांगितलं. “काम अर्धं आहे,” म्हणाले. “ज्यानं लावला त्यानं काढायचा.”

आता इथं मालप्याला आम्ही आहोत. पुन्हा समुद्र, पुन्हा नवी भाषा, पण आता मला भाषेची तेवढी भीती वाटत नाही. घरातली वायर मी स्वतः टाकली. बाहेर झोळ दिलाय. माझ्या कॉम्प्युटरचा नंबर टाइमकीपरकडे राखून ठेवलाय. रोज कितीतरी लोक फोनवर माझ्यावर ओरडतात. मी त्यांचं त्यांना परत म्हणून दाखवते, आणि बहुतेक जण तिथंच शांत होतात. मुलगी आता बोलायला लागलीय. सकाळी बाप कामाला निघाला की ती दारातून ओरडते, “ठीक!” आणि तो “ऐकलं” म्हणेपर्यंत हलत नाही.

आबांच्या डोळ्यांवर आता पडदा आलाय, त्यांना कुणी शिडीवर चढू देत नाही. काकी फोन करतात, स्वयंपाकघरातून नव्हे, ओटीवर येऊन. “तुझं ते भोक तसंच हाय गो. मी त्यात उदबत्ती लावतंय. पुसायला गेले बोर्ड तर हे धावून आले. ‘मेली नाय ती बाय,’ म्हणाले, ‘कामावर हाय.’”

आबा, हे तुम्हाला काकी वाचून दाखवतील, म्हणून इथंच लिहिते. मुलीच्या बापाला सुट्टी मिळाली की येईन. पक्कड आणीन, वायर आणीन. ते भोक पूर्ण पाडीन, बाहेरच्या बाजूला उतरतं. काकींच्या स्वयंपाकघरात गाणी लागतील. मग छपराखालची तुमची सगळी जुनी वायर काढून नवी टाकीन, तुम्ही खाली खुर्चीत हेल्मेट घालून बसा. तुम्ही दिलेलं फेडायला मला दुसरं काही येत नाही, हे येतं. काम झालं की बोर्ड मी काढीन, आणि माझं नाव माझ्या अंगठ्यानं पुसीन. तोवर तसंच राहू दे.

येईन. परत म्हणा.